आधी मूठ, मग बाकीचं

पिस्तुलाला नवीन ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, बसवली की मी ती आधी डोळे मिटून तपासते. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करायची, नळी टार्गेटकडे ठेवायची आणि लेनवर नेहमीसारखं उभं राहायचं. मूठ हातात नीट बसवायची, डोळे मिटायचे, हात वर न्यायचा, टार्गेट जिथे असेल असं वाटतं तिथे थांबायचं आणि मग डोळे उघडायचे. उघडल्याबरोबर दोन्ही साइट (नेम धरायच्या खुणा: पुढे एक पातं, मागे एक खाच) एकमेकींच्या संदर्भात कुठे आहेत तेवढंच बघायचं. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध असेल आणि दोघींची वरची कड एका रेषेत असेल, तर मूठ ठीक आहे. पुढची साइट डावीकडे सरकलेली किंवा खाली बसलेली दिसली, तर मनगट जरासं वळवून सरळ करायचा मोह होतोच. तो मोह आवरायचा, कारण मनगटाने सरळ केलेली साइट मनगट दमेपर्यंतच सरळ राहते. आणि सामना 60 शॉटचा असतो, त्याला 75 मिनिटं असतात.

मी लिहितेय ते दहा मीटरच्या एअर पिस्तुलाबद्दल आणि थोडंफार छर्ऱ्याऐवजी गोळी झाडणाऱ्या .22 च्या स्पोर्ट पिस्तुलाबद्दल. स्वतःचं पिस्तूल हातात आलं की त्यात वेगळं काय बसवता येईल, हा विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतो. वेगळी ग्रिप, वेगळी ट्रिगरची पट्टी, रुंद-अरुंद साइट, पुढे लावायची वजनं, नेमबाजीचा चष्मा. प्रत्येक वस्तूबद्दल कोणी ना कोणी छातीठोकपणे सांगतं की हिच्यामुळे स्कोअर वाढतो. मी हे सगळं एका प्रश्नाच्या चाळणीतून काढते: हा भाग बसवल्यावर माझी चूक मला जास्त स्पष्ट दिसेल, की झाकली जाईल? पिस्तुलाने माझ्याशी प्रामाणिक राहावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. दहाऐवजी नऊ गुणांचा शॉट लागला तर तो का लागला हे मला हातातच कळलं पाहिजे, स्क्रीनवर बघण्याच्या आधी.

मूठ पहिली का, हे समजायला थोडं गणित लागतं. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, आणि रेषेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा मिळतो. आता असं समजा की दोन्ही साइट एकमेकींशी अगदी जुळलेल्या आहेत, फक्त हात हलतोय. हात 5 मिलिमीटर वर गेला तर छर्राही 5 मिलिमीटरच वर लागतो. दहा शाबूत. पण हात स्थिर असून साइट जुळलेल्या नसतील, तर गोष्ट पार वेगळी होते. दोन साइटमधलं अंतर साधारण 35 सेंटीमीटर धरलं, तर पुढच्या साइटची एक मिलिमीटरची चूक दहा मीटरवर 28 मिलिमीटरच्याही पुढे जाते. म्हणजे थेट सात. मिलिमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा दहा घालवायला पुरतो.

बहुतेक जण हाताच्या हलण्याला घाबरतात आणि तेच कमी करायला वस्तू विकत घेतात. हात थोडा हलणारच. कोनातली चूक मात्र कुठून येते? मुठीतून आणि बोटातून. म्हणून पैसे आणि वेळ आधी तिथे.

पिस्तुलाबरोबर येणारी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. बहुतेक वेळा अक्रोडाची, बाहेरून दाणेदार, दिसायला देखणी. पण ती कोणा सरासरी हातासाठी कोरलेली असते. माझा हात लहान आहे, बोटं त्या मानाने लांब, आणि अंगठ्याच्या बुडाशी मांस कमी. लहान मापाच्या ग्रिपमध्येही माझ्या तळहाताच्या खोलगट भागात पोकळी राहायची. दुसऱ्याच्या चपला घालून चालता येतं, पण पाय सबंध वेळ त्या चपला सांभाळत असतो; तसाच माझा करंगळीकडचा हात ती पोकळी दाबून भरू पाहायचा. ती बोटं आवळली की पुढची साइट खाली जाते, आणि शॉट सुटायच्या क्षणी आवळली की छर्रा नेमका खाली आणि बाजूला.

तयार ग्रिप आपल्या हाताची करून घेणं हे मला या सगळ्यातलं सगळ्यात आवडतं काम आहे. त्यासाठी आधी हात कुठे टेकतोय आणि कुठे नाही ते दिसलं पाहिजे. तळहाताला खडूची पूड चोळून मूठ नेहमीसारखी धरायची, जास्त नाही, कमी नाही, आणि हात सरळ मागे काढून घ्यायचा. लाकडावर पांढरे डाग उमटतात. डाग एकसारखा पसरलेला असेल तर छान. एकाच उंचवट्यावर गडद आणि बाकी कोरडं असेल, तर सगळा भार तिथे पडतोय. अशा ठिकाणी कानस. पोकळी असेल तिथे एपॉक्सी पुट्टी लावायची, वर पातळ प्लॅस्टिक अंथरायचं आणि त्यावर हात दाबायचा. पुट्टी बोटांच्या मधून, तळव्याच्या कडेने जी वर येते, ती आपल्या हाताची खरी नक्कल असते. वाळल्यावर तिच्यावर थोडा पॉलिशपेपर, आणि लगेच थांबायचं.

या कामात माझा नियम आहे: आधी भरायचं, कोरायचं नंतर. आणि एका बैठकीत एकच जागा. ग्रिपवर उत्साहात तीन ठिकाणी कानस मारली, तर दुसऱ्या दिवशी बदललेला ग्रुप (टार्गेटवर शॉट पडलेल्या जागांचा पुंजका) कशामुळे बदलला हे शोधून काढता येत नाही. शिवाय हातही रोज तोच नसतो. उन्हात, चालून आल्यावर, घाम आला की तो फुगतो, थंडीत आक्रसतो. म्हणून ग्रिप हाताच्या मापाला अगदी चिकटून बसवू नये. मी माझी जरा सैलसर ठेवते आणि खालची टेकण, म्हणजे तळहाताच्या बुडाखालची फळी, सरकवून त्या दिवसापुरतं जुळवून घेते. ती फळी हाताला हलकीच लागली पाहिजे. ती घट्ट आवळून हात पिस्तुलात रुतवून बसणारे खूप दिसतात. पहिले वीस शॉट त्यांना फार बरं वाटतं, मग तळहात बधिर होतो.

नियमांनाही इथे डोळा असतो. मनगट मोकळं दिसलं पाहिजे, ग्रिप हाताच्या पलीकडे जाऊन मनगटाला टेकता कामा नये, आणि खालच्या टेकणीचा मुठीशी कोन 90 अंशांपेक्षा कमी चालत नाही. सबंध पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. पुट्टी लावून लावून अंगठ्याकडची बाजू फुगवत नेली, की या 50 मिलिमीटरची आठवण ठेवावी लागते.

ग्रिपमधली एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही: ट्रिगरचं बोट लाकडाला लागतंय का. तर्जनी आणि ग्रिप यांच्यामध्ये फट हवी. बोट लाकडाला घासत असेल, तर ट्रिगर दाबताना ते सगळं पिस्तूलच बाजूला ढकलतं, आणि आपण महिनोन्‌महिने बोटाच्या टोकाला दोष देत बसतो. फट दिसत नसेल तर त्या जागेचं लाकूड घासून काढावं. यासाठी एक पैसाही लागत नाही. पाच मिनिटांचं काम, आणि माझ्या मते बाजारातल्या निम्म्या वस्तूंपेक्षा जास्त उपयोगाचं.

ट्रिगरकडे वळते, कारण ग्रिपनंतर माझा दुसरा जीव तिथे आहे.

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान 500 ग्रॅम असलं पाहिजे, स्पोर्ट पिस्तुलाचं 1000 ग्रॅम. तपासणीच्या टेबलावर हे कसं मोजतात ते एकदा जवळून बघण्यासारखं असतं. पिस्तूल नळी आकाशाकडे करून उभं धरतात. त्याआधी ते कॉक केलेलं, म्हणजे ट्रिगर ओढला की सुटेल असं तयार केलेलं असतं. खाली 500 ग्रॅमचं वजन ठेवलेलं असतं, त्याच्या दांड्याची पातळ धार ट्रिगरच्या मधोमध अडकवतात, आणि पिस्तूल सावकाश वर उचलतात. वजन जमिनीपासून सुटलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. ते वजन अधांतरी किंचित झुलत असतं, आणि ज्याचं पिस्तूल आहे त्याचा श्वास तेवढा वेळ अडकलेला असतो.

म्हणून मी ट्रिगर 500 च्या काट्यावर ठेवत नाही, थोडा वर ठेवते. हलक्यात हलका ट्रिगर हवा असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, तुम्हाला तो हलका हवाय की स्वच्छ? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅच पिस्तुलाच्या, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या पिस्तुलाच्या, ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट काही अंतर जातं आणि एका भिंतीशी येऊन थांबतं. दुसऱ्या टप्प्यात ती भिंत ओलांडली की शॉट. दोन्ही टप्प्यांची वजनं वेगवेगळी लावता येतात. मी बराचसा भार पहिल्या टप्प्यावर टाकते, म्हणजे बोट भिंतीशी आलं तेव्हा बहुतेक काम झालेलं असतं आणि उरलेला भाग थोडा, पण ठळक असतो. भिंत बोटाला नीट जाणवली की झटका मारल्याचंही तितकंच नीट जाणवतं. दोन टप्पे एकमेकांत विरघळलेले असले तर झटका लपून राहतो, आणि लपलेली चूक सुधारायची कशी?

ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवणं आणि तिचा कोन बदलणं, हे बऱ्याच पिस्तुलांत किल्लीने होतं. तेवढं मी स्वतः करते. शॉट सुटल्यावर बोट किती पुढे जावं हे ठरवणारा स्क्रू, तोही. त्यापलीकडे आत काही घासायचं असेल, स्प्रिंग बदलायचं असेल, तर ते काम जाणकाराचं. हा सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि इथे मी कोणाशी वाद घालत नाही. ट्रिगरला हात लावलेलं पिस्तूल आधी रिकामं कॉक करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, हलक्या धक्क्याने सुटत नाही ना हे बघितल्याशिवाय त्यात छर्रा जात नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं मोठं कौतुक आहे आणि ते खोटं नाही. तो दरवेळी तसाच सुटतो, त्यात यांत्रिक घर्षणाचा बदलता हिशोब नसतो. मी तरीही यांत्रिक ट्रिगरवरच आहे. मला आतल्या पात्यांचा बोटाला मिळणारा स्पर्श हवा असतो. दुसऱ्या कोणाला नको असेल, त्यात काही कमी-जास्त नाही. पण इलेक्ट्रॉनिक घ्यायचं ठरवलं तर बॅटरीची सवय लावून घ्यावी लागते, आणि सामन्याच्या बॅगेत जास्तीची बॅटरी ही पाण्याच्या बाटलीइतकी पक्की हवी.

बिघाडाचा विषय निघाला की 2021 चं टोकियो ऑलिम्पिक आठवतं. मनू भाकरच्या पिस्तुलात भर पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटं गेली, आणि 575 गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. फायनलला आठ जणी जातात. 2024 मध्ये पॅरिसला याच दहा मीटर प्रकारात तिने कांस्य घेतलं, आणि मिश्र सांघिकमध्ये सरबज्योत सिंगबरोबर दुसरं. टोकियोची ती फेरी मी बघितली होती, आणि तेव्हापासून नवीन भाग घेताना माझ्या मनात एक प्रश्न कायमचा आला: हा मोडला तर दुसरा आहे का, आणि तो मिनिटभरात लागतो का? सुटं पिस्तूल जवळ असलं तरी त्याची ग्रिप तशीच हातात बसली पाहिजे, ट्रिगर तसाच सुटला पाहिजे. म्हणून ग्रिपवर मनासारखं काम झालं की तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून, कडांची मापं वहीत लिहून ठेवावीत.

साइटबद्दल नेमबाज खूप बोलतात आणि मला वाटतं थोडं कमी बोललं तरी चालेल. या प्रकारांत दुर्बीण, लेझर, लाल ठिपका काहीच चालत नाही. फक्त उघडी साइट. बदलायला मिळतं ते पुढच्या साइटची रुंदी, मागच्या खाचेची रुंदी आणि खोली. पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना जो उजेड दिसतो तो दोन्हीकडे सारखा आहे की नाही, हे डोळा पटकन ओळखतो, पण फट फार बारीक असली तर शिणतो आणि फार रुंद असली तर फरक पकडत नाही. रेंजवरचा प्रकाश कमी असेल तर खाच थोडी उघडायची, झगझगीत असेल तर मिटवायची. माझी दृष्टी चाळिशीनंतर बदलली तशी मी पुढची साइट एक माप रुंद केली आणि खाचही त्याच हिशोबाने. टार्गेटवरच्या काळ्या गोलाच्या खाली पांढरा पट्टा सोडून धरायचं, तो पट्टा रोज अगदी मोजून तेवढाच असावा असा हट्ट नाही. वरचं गणित आठवलं की तो हट्ट आपोआप सुटतो.

चष्म्याचं मात्र मनावर घ्यावं. हात लांब केल्यावर पुढची साइट डोळ्यापासून साधारण मीटरभर असते, आणि डोळ्याने तिथेच स्थिर व्हायचं असतं. टार्गेट धूसर दिसलं तर दिसू द्यायचं. आपला रोजचा चष्मा या अंतरासाठी बनवलेला नसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे अंतर मोजून सांगितलं तर ते दूरच्या नंबरात थोडी भर घालून वेगळी काच देतात. माझ्या बाबतीत त्या काचेने जे केलं ते कुठल्याही साइटने केलं नाही: कडा धारदार झाल्या, आणि चाळिसाव्या शॉटनंतर डोळ्यातून येणारं पाणी थांबलं.

पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी दोन फोटो जगभर फिरले. एका बाजूला कोरियाची किम ये-जी, डोळ्यापुढे भिंगांची आणि झाकणांची ती यंत्रासारखी दिसणारी चौकट. दुसऱ्या बाजूला तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, साधा चष्मा, कानात बोळे, एक हात खिशात. दोघांनीही रौप्य मिळवलं, तिने दहा मीटर वैयक्तिकमध्ये, त्याने शेव्वाल इलायदा तरहानबरोबर मिश्र सांघिकमध्ये. लोकांनी त्यातून काढलं ते असं, की बघा, सामानाशिवायही जमतं. मला तो निष्कर्ष पटला नाही. दिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतो, म्हणून त्याला दुसरा डोळा झाकायला झाकण लागत नाही. खिशातला हात तर बहुतेक सगळेच पिस्तूल नेमबाज ठेवतात, खांदा मोकळा लोंबू नये म्हणून. आणि त्याच्या दुसऱ्या हाताकडे कोणी बघितलंच नाही. त्या हातात पूर्ण मॅच पिस्तूल होतं, हाताच्या आकाराची लाकडी ग्रिप असलेलं. त्याने सामान टाकलं नव्हतं. त्याला काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्याने वर्षानुवर्षांच्या सरावातून निवडून घेतलं होतं, आणि किमनेही तेच केलं होतं.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. नळीच्या तोंडाशी हवा वर आणि बाजूला सोडणारा कॉम्पेन्सेटर चांगल्या पिस्तुलाला आधीच असतो, तो बदलून काही साधेल असं मला वाटत नाही. छर्ऱ्यांचे डबे बदलून बघणं उपयोगाचं, कारण प्रत्येक नळीला वेगळा छर्रा मानवतो. पण ती परीक्षा पिस्तूल शिकंज्यात धरून करायची, हाताने नाही. वजनांचं म्हणाल तर एअर पिस्तुलाला 1500 ग्रॅमची मर्यादा आहे आणि बहुतेक पिस्तुलं तिच्या बरीच खाली असतात, म्हणून नळीखाली छोटी वजनं सरकवायची सोय असते. वजन पुढे गेलं की हेलकावा मंदावतो आणि बघायला फार सुंदर वाटतं. पन्नासाव्या शॉटला खांदा मात्र त्याची किंमत सांगतो. पुढे वजन वाढवायचं असेल तर आधी खांदा वाढवा, एवढंच माझं म्हणणं.

दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओसाठी मोरिनी या पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीने खास लाल रंगाचं पिस्तूल बनवलं होतं. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, 50 मीटर पिस्तुलाच्या फायनलमध्ये, त्याच पिस्तुलातून त्याने 6.6 मारला (फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, 10.9 पर्यंत). जगातल्या बहुधा सगळ्यात लाडाने घडवलेल्या पिस्तुलातून 6.6! त्यानंतर तो एकेक जागा वर चढत गेला आणि सुवर्ण घेऊनच थांबला, त्या प्रकारातलं सलग तिसरं. मला त्या फायनलमध्ये नेहमी हे दिसतं, की शॉट वाईट गेला तेव्हा त्याने साइटला हात लावायची घाई केली नाही. पिस्तुलावर त्याचा भरवसा होता, त्यामुळे चूक कुठे शोधायची हे त्याला माहीत होतं. ग्रिपवर इतका वेळ घालवायचा तो याच भरवशासाठी.

सध्या माझा विचार चाललाय तो स्पोर्ट पिस्तुलाच्या ग्रिपचा. तिथल्या रॅपिड फेरीत टार्गेट सात सेकंद लपतं आणि तीन सेकंद दिसतं; त्या तीन सेकंदांत हात 45 अंशांवरून वर आणून एक शॉट. साइट जुळवायला वेळच नसतो, त्या जुळलेल्याच वर यायला हव्यात. एअर पिस्तुलाच्या ग्रिपचा कोन मला मानवलाय, पण .22 ला उडी असते आणि तोच कोन तिथे शॉटनंतर मूठ हातात किंचित फिरवतो. अंगठ्याखालचा कट्टा थोडा उंच करून बघायचा आहे, साधारण दोन मिलिमीटर. पुट्टी आणून ठेवलीये. या रविवारी रेंज बंद आहे, तेव्हा लावीन, आणि नंतर आठवडाभर नुसतं ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबायचा सराव.